डॉक्टर व्हायचे, हे कधी ठरवायचे आणि कोणी?



दहावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामातल्या घराघरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलाला किंवा मुलीला पंच्याऐंशी-नव्वद टक्के पडलेले असतात. मामा विचारतात, शेजारी विचारतात, मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात ओळखीचे लोक विचारतात, "मग काय, लातूरला टाकणार ना?" या 'टाकणार'वर आपण क्षणभर थांबावे असे आम्हांला वाटते. मुलाला कुठेतरी टाकायचे असते. तो जातो की नाही, त्याला जायचे आहे की नाही, हे त्या वाक्यात नसते.

डॉक्टर होण्याची इच्छा वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. बेन सिराच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, असा बोध आहे. लूक हा स्वतः वैद्य होता असे आपण मानतो आणि १८ ऑक्टोबरला त्याचा सण साजरा करतो. आपल्या जिल्ह्यात तर या इच्छेला पत्ताही आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ साली सुरू झाले. ज्या गावात स्वामीजी एकेकाळी शाळेचे मुख्याध्यापक होते, त्याच गावात त्यांच्या नावाने खेड्यातल्या रुग्णांसाठी हे महाविद्यालय उभे राहिले. केज, धारूर, परळीच्या वाड्या-वस्त्यांवरून माणसे रात्री-अपरात्री तिथे पोचतात. आपल्यातल्या कितीतरी जणांचा जन्म तिथला, आणि कितीतरी घरांतले आजी-आजोबा तिथेच देवाघरी गेले. आपल्या मुलीने पांढरा कोट घालून त्याच वॉर्डात उभे राहावे असे आईबापाला वाटले तर त्यात नवल काय?

प्रश्न इच्छेचा नाही. ती इच्छा कोणाची, तिच्यासाठी काय द्यायचे आणि कधीपासून द्यायचे, हा आहे.

आधी थोडी माहिती. पूर्वी बारावीच्या गुणांवर प्रवेश होत. मग राज्याची सीईटी आली. २०१७ पासून आपल्या राज्यातील एमबीबीएसचे प्रवेश 'नीट' या देशपातळीवरील परीक्षेवर होऊ लागले. मराठवाड्याच्या मुलांना आपल्या विभागात ७० टक्के जागा देणारी ७०:३० ची पद्धत २०२० साली बंद झाली. २०२५ च्या परीक्षेत तीन तासांत १८० प्रश्न होते, एकूण ७२० गुण. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. अर्धे प्रश्न जीवशास्त्राचे, बाकीचे भौतिक व रसायनशास्त्राचे. बावीस लाखांहून अधिक मुले त्या वर्षी बसली. सुमारे बारा लाख छत्तीस हजार पात्र ठरली. देशभरात एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्याही निम्म्याच्या आसपास खासगी महाविद्यालयांच्या, ज्यांची फी आपल्यासारख्यांना झेपणारी नाही. 'पात्र' आणि 'प्रवेश' या दोन शब्दांत दहा लाखांहून अधिक मुलांचे अंतर आहे, हे पुष्कळ पालकांना निकालाच्या दिवशी कळते.

तयारी कधी सुरू करावी? जाहिराती सांगतात, आठवीपासून. काही ठिकाणी सहावीपासूनही 'फाउंडेशन' चालते. परंतु परीक्षेचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे. १७ वर्षे पूर्ण होत नाहीत तोवर मुलाला प्रवेशही मिळत नाही. केंद्र सरकारने २०२४ च्या जानेवारीत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत दहावीची परीक्षा होण्याआधी व सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गात घेऊ नये असे म्हटले आहे. आम्हांला हे पटते. बारा वर्षांच्या मुलाला जे द्यायला हवे ते वेगळे आहे: वाचनाची सवय, पक्के गणित, आणि इंग्रजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेली हुशार मुले अकरावीला सायन्स घेतात आणि पहिले सहा महिने विषय समजण्यापेक्षा भाषा समजण्यात घालवतात. 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते हे खरे, पण पुढची साडेचार वर्षे आणि त्यानंतरची इंटर्नशिप इंग्रजी पुस्तकांवरच काढायची असते. आठवी-नववीत रोज अर्धा तास इंग्रजी वाचायला बसवणे हे कुठल्याही फाउंडेशन कोर्सपेक्षा उपयोगाचे आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

उशीर झाला म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. लोयोलाचे संत इग्नाशियस तेहतीस वर्षांचे होते तेव्हा बार्सिलोनात शाळकरी पोरांच्या शेजारी बसून लॅटिनचे व्याकरण शिकू लागले. एकेकाळचा सैनिक, पायाने अधू, आणि भोवती दहा-बारा वर्षांची मुले! त्यांना त्याची लाज वाटली नाही.

परंतु 'कधी' हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात सगळ्यांसाठी सारखा नाही. दसरा-दिवाळी झाली की गावेच्या गावे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. परत येतात तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते. मागे राहिलेली अकरावीतली मुलगी घर सांभाळते, धाकट्यांना जेवू घालते, आजीचे औषध बघते आणि उरलेल्या वेळात भौतिकशास्त्र करते. तिने कधी सुरुवात करावी हे कोण सांगणार? आणि क्लासच्या फीसाठी बापाने मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली, तर ती फेडायला आईला आणखी एक हंगाम फडात वाकावे लागते. ही गोष्ट मुलांना माहीत असते. त्यामुळे ती कधीकधी 'मला डॉक्टर व्हायचेच नाही' असे म्हणतात. आपण ते खरे मानून मोकळे होतो. मुलाच्या होकाराइतकाच त्याचा नकारही तपासून पाहावा लागतो. तो आवड नसल्यामुळे आहे, की आईच्या कंबरेकडे पाहून आहे?

प्रभू येशूने मनोरा बांधायला निघालेल्या माणसाचा दाखला दिला आहे. तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहायचे (लूक १४). आपल्याकडे हिशेब करणे म्हणजे श्रद्धा कमी असणे, असा एक समज आहे. "देव बघून घेईल," असे म्हणून सोने गहाण टाकले जाते, एकर-अर्धा एकर विकली जाते. दाखल्यातला माणूस मात्र आधी बसतो. आपणही बसावे, आणि तेही मुलासमोर. फी किती, खोलीचे भाडे व मेस किती, एकूण दोन वर्षांचे किती, आणि धाकट्या बहिणीच्या वाट्याचे त्यातून किती जाणार? ही शेवटची ओळ फार घरांत लिहिली जात नाही. थोरल्याच्या 'नीट'पायी धाकटीचे बारावीनंतर लग्न उरकले गेले, असे आपल्यात घडते. तिला कोणी विचारलेले नसते.

पैसे कमी असले तर वाटा अगदीच बंद नाहीत. एनसीईआरटीची पुस्तके नीट वाचणे हाच या परीक्षेचा गाभा आहे आणि ती पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात. महाज्योतीसारख्या सरकारी संस्थेने इतर मागासवर्गातील मुलांना दहावीनंतर विनामूल्य ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब दिले आहेत. अशा योजनांच्या जाहिराती दहावीच्या निकालाच्या सुमारास पाहाव्यात. जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास ही कागदपत्रे अकरावीतच करायला घ्यावीत. तहसीलला खेटे घालण्यात ऐन परीक्षेचे महिने जाऊ नयेत. आणि कागदावर जे खरे आहे तेच लिहावे. भारतातील कॅथोलिक बिशपांनी १९६३ साली बंगळुरात सुरू केलेल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात कॅथोलिक मुलांसाठी काही जागा असतात. प्रवेश 'नीट'वरच होतो, पण शिक्षणानंतर खेड्यातल्या दवाखान्यात सेवा द्यावी लागते. ही अट ऐकून मागे सरणारे पालक आम्हांला माहीत आहेत. आमच्या मते ती अट हीच त्या महाविद्यालयाची सर्वांत चांगली गोष्ट आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मत्तयच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात, जब्दीच्या मुलांची आई प्रभूकडे येते आणि आपल्या दोन मुलांसाठी दोन जागा मागते, एक उजवीकडे, एक डावीकडे. आपल्या आजच्या भाषेत बोलायचे तर ती सीट मागायला आली होती. प्रभूने तिला हाकलून दिले नाही. पण त्याने उत्तर देताना मोर्चा मुलांकडे वळवला आणि त्यांनाच विचारले की, हा प्याला तुम्हांला झेपेल का? जागा आईने मागितली, प्याला मात्र मुलांना प्यायचा होता. आपण मुलांना हा प्रश्न विचारतो का?

कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २२३०) स्पष्ट सांगितले आहे की, वयात आलेल्या मुलांना आपला व्यवसाय आणि जीवनाची वाट निवडण्याचा हक्क आहे व ते त्यांचे कर्तव्यही आहे. आईवडिलांनी सल्ला जरूर द्यावा, पण व्यवसायाच्या किंवा जोडीदाराच्या निवडीत त्यांच्यावर दडपण आणू नये. लग्नाच्या बाबतीत हे आपण अलीकडे थोडेफार ऐकू लागलो आहोत. व्यवसायाच्या बाबतीत अजून नाही. २०२५ च्या जून महिन्यात सांगली जिल्ह्यात 'नीट'च्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून बापाने सतरा वर्षांच्या मुलीला मारहाण केली आणि ती मुलगी मरण पावली. बाप शाळेचा मुख्याध्यापक होता. ही बातमी वाचून आपण सगळे हळहळलो. परंतु हात न उचलताही मारता येते. "तुझ्यासाठी आम्ही रक्त आटवतो आणि तुझे हे मार्क?" हे वाक्य कोणत्या घरात बोलले जात नाही?

यावर कोणी म्हणेल, सोळा वर्षांच्या पोराला काय कळते? गरिबाचे पोर रेटल्याशिवाय वर येत नाही. आमच्या आजोबांना फादरांनी कान धरून बोर्डिंगात बसवले म्हणून आज आम्ही चार अक्षरे शिकलो. हे म्हणणे आम्ही हलके मानत नाही. त्यात पुष्कळ खरे आहे. श्रीमंताच्या मुलाला 'तुझी आवड काय' असे विचारणारे शंभर असतात. आपल्या मुलांना आवड म्हणजे काय हे कळायलाही आधी कोणीतरी धक्का द्यावा लागतो. पण अभ्यासाला बसवणे वेगळे आणि आयुष्य ठरवून टाकणे वेगळे. सोळा वर्षांच्या मुलाने रोज अभ्यास करावा की नाही, हे आईबापाने ठरवावे. त्याने जन्मभर काय करावे हे त्याच्यासह ठरवावे, आणि शेवटचा शब्द त्याचा असावा. मुलाला खरोखरच हे काम हवे आहे का हे पाहायचे तर त्याला एक दिवस अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या सरकारी दवाखान्यात एखाद्या नातेवाइकाच्या उशाशी बसवावे. घाण, वास, रडणे, रांगा, डॉक्टरांची तुटपुंजी झोप, सारे पाहू द्यावे. मग विचारावे. आणखी एक प्रश्न विचारावा: एमबीबीएस मिळाले नाही, पण नर्सिंग मिळाले, फार्मसी मिळाली, लॅबचे काम मिळाले, तर करशील? जो मुलगा आनंदाने 'हो' म्हणतो त्याला रुग्णांची ओढ आहे. जो तोंड वाकडे करतो त्याला कदाचित फक्त नावापुढची दोन अक्षरे हवी असतील. आपल्या समाजातल्या मुलींनी परिचारिका म्हणून महाराष्ट्रभरच्या दवाखान्यांत आयुष्ये वेचली आहेत. त्यांच्याच घरात आज नर्सिंगला 'नाइलाजाचा कोर्स' म्हटले जाते, याचे आम्हांला वाईट वाटते.

तयारी कसली करायची, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याइतका तीव्रपणे फार थोड्या ठिकाणी उभा राहिला असेल. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. राज्यात हा आकडा सर्वांत कमी होता. २०१२ च्या मे महिन्यात परळीच्या एका खासगी रुग्णालयात गर्भपात करताना एका महिलेचा मृत्यू झाला, त्यातून काय काय बाहेर आले ते आपल्याला आठवते. २०१९ मध्ये न्यायालयाने तिथल्या डॉक्टर पती-पत्नीला दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. त्याच २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळी आली की खाडा होतो आणि खाड्याचा दंड बसतो, म्हणून तिशीच्या आतबाहेरच्या बायकांनी पिशवी काढून घेतली. ती काढणारे हात शिकलेल्या डॉक्टरांचे होते. त्यातल्या काही शस्त्रक्रिया गरजेच्या असतीलही. पण सगळ्या? ज्यांनी पोटदुखीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेतले, तेही कधीतरी हुशार विद्यार्थी होते. त्यांच्याही आईबापांनी पेढे वाटले होते.

१८० प्रश्नांत याची परीक्षा कुठेच होत नाही. ती घरात होते, आणि तयारीच्या याच दोन वर्षांत होते. मुलगा अभ्यास करतो म्हणून त्याला आजारी आजीला पाणीही द्यायला न सांगणे, मयताला न नेणे, शेजारच्या घरात दुखणे आले तरी त्याच्या खोलीचे दार बंद ठेवणे, हे सर्व आपण प्रेमापोटी करतो. माणसांच्या दुःखापासून दोन-तीन वर्षे दूर ठेवलेल्या मुलाकडून पुढे दुःखितांची सेवा होईल अशी अपेक्षा आपण कशाच्या आधारावर करतो? नेपल्सचे संत जोसेफ मोस्काती नामांकित डॉक्टर आणि प्राध्यापक होते. १९०६ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा त्यांनी जवळच्या एका रुग्णालयातील म्हाताऱ्या, पांगळ्या रुग्णांना छप्पर कोसळण्याआधी बाहेर काढले. गरिबांकडून ते पैसे घेत नसत, उलट औषधासाठी देत. १९२७ साली वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. १९८७ साली त्यांना संत घोषित करण्यात आले. मोस्काती अभ्यासातही पहिले होते. दोन्ही एकत्र असू शकते.

मार्गाबद्दल एकच बोलतो. २०२४ च्या 'नीट'चा पेपर फुटला, देशभर गोंधळ झाला, आणि तपासात लातूरमध्येही अटका झाल्या. कोणी 'सेटिंग' करून देतो म्हणाला तर तिथेच उठावे. सातवी आज्ञा चोरीबद्दल आहे. इथे चोरी होते ती कुठल्या तरी ऊसतोडवाल्याच्या पोरीच्या जागेची.

रिपीट करावे का? या परीक्षेला किती वेळा बसावे याला मर्यादा नाही आणि कमाल वयाची अटही नाही. दार कधीच बंद होत नाही, आणि त्यामुळेच थांबणे अवघड होते. संत इग्नाशियस यांचा नियम असा की, मन खचलेले असताना आधी केलेला निर्णय बदलू नये. म्हणून निकालाच्या दिवशी रडतरडत 'सोडून देते' किंवा हट्टाने 'पुन्हा बसतेच' असे काहीच ठरवू नये. पंधरा दिवस जाऊ द्यावेत. आणखी चांगले म्हणजे किती प्रयत्न करायचे हे पहिल्या परीक्षेच्या आधीच सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवावे. आमचे मत विचाराल तर, मुलाची स्वतःची इच्छा असेल तर एक वर्ष जरूर द्यावे; दुसरे वर्ष गुण अगदी काठावर असतील तरच. तिसऱ्या वर्षी वीस वर्षांचे लेकरू मित्रांना टाळत खोलीत बसलेले असते. त्याला बाहेर आणावे.

प्रार्थनेबद्दल पुष्कळ जण विचारतात. नोव्हेना करावी का, नवस बोलावा का? प्रार्थना अवश्य करावी. पण काय मागावे? माझ्या मुलाला जागा मिळो म्हणताना ती दुसऱ्या कुणाला न मिळो असेही आपण नकळत म्हणत असतो, आणि ती दुसरी आईसुद्धा गुडघ्यांवर असते. देव त्या दोघींचा आहे. म्हणून चित्त शांत राहो, केलेला अभ्यास आठवो, निकाल सोसण्याचे बळ मिळो, हे मागावे. आणि मिळालेली जागा कोणाच्या तरी कामी येवो. उलट बाजूने, प्रार्थना हे अभ्यास टाळण्याचे निमित्तही होऊ नये. इग्नाशियस लॅटिनचे पाठांतर करायला बसले की त्यांच्या मनात नेमके त्याच वेळी आध्यात्मिक विचारांचे उमाळे येत. त्यांनी ओळखले की हा मोह आहे, आणि गुरुजींकडे जाऊन यापुढे वर्गात नीट लक्ष देईन असे वचन दिले.

राहता राहिला रविवार. बहुतेक क्लासेसच्या सराव परीक्षा रविवारी सकाळी असतात. दोन वर्षे मिस्सा नाही, मग सवयच सुटते. लातूर असो की संभाजीनगर, तिथल्या चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी सायंकाळी मिस्सा आहे का, हे खोली घेतानाच विचारून घ्यावे. शनिवार संध्याकाळच्या रविवारीय मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. क्लासच्या सरांना विनंती करून पाहायलाही हरकत नाही. मुख्य परीक्षाही गेली अनेक वर्षे रविवारी दुपारीच होत आली आहे, तेव्हा आदल्या संध्याकाळी मुलांनी चर्चमध्ये यावे. केंद्रावर धातूची कोणतीही वस्तू नेऊ देत नाहीत. २०१५ साली केरळमध्ये एका धर्मभगिनीला डोक्यावरील वस्त्र आणि गळ्यातील क्रूस काढल्याशिवाय आत सोडले नाही, आणि त्या परीक्षा न देताच परतल्या. आपल्या मुलांवर दारात अशी घासाघीस करण्याची वेळ येऊ नये म्हणून साखळी व क्रूस घरीच काढून आईकडे द्यावा, प्रवेशपत्र व फोटो आदल्या दिवशीच पिशवीत ठेवावेत, आणि केंद्र दूर असेल तर शनिवारी रात्री कोणाकडे मुक्काम करता येईल हे आधी ठरवावे. ज्यांचे त्या शहरात कोणी नाही त्यांनी फादरांना सांगावे, तिथल्या धर्मग्रामातल्या एखाद्या कुटुंबाकडे सोय करता येते.